वर्षानुवर्षं ठेवलेला शेअर कधी विकायचा? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

नौपाडा, चरई, पाचपाखाडीतल्या जुन्या घरांमध्ये एक गोष्ट बऱ्याचदा सापडते: वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेले आणि मग कोणी हात न लावलेले शेअर. कुणी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला असताना घेतलेले, कुणाला वडिलांच्या माघारी मिळालेले. आता इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आहे, मुलगी बाहेर शिकायला निघाली आहे, किंवा नुसताच भाव चढलेला पाहून जीव खालीवर होतोय. विकायचे का, आणि विकायचे तर कधी? ज्यांनी आजवर एकही शेअर विकलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अमुक कंपनी विका, तमुक ठेवा असं यात काही सापडणार नाही. निर्णयापर्यंत पोहोचायचं कसं, एवढंच आहे.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विकायचा विषय निघाला की माणूस पहिल्यांदा खरेदीचा भाव सांगतो. "आम्ही ऐंशीला घेतलेला, आता बाराशे आहे." किंवा, "नऊशेला घेतला, चारशेवर आलाय, परत नऊशे झाला की विकू." खरेदीचा भाव लागतो तो कर काढताना. ठेवायचं की विकायचं हे ठरवताना तो बाजूला ठेवायला शिका. उद्याचा भाव कंपनी पुढे किती कमावणार यावर ठरेल. २००४ साली तुम्ही किती मोजले याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पायरी १: नेमकं काय हातात आहे ते कागदावर आणा

डिमॅट खातं (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायचं खातं) असेल तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडून, म्हणजे शेअरच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडून, ईमेलवर एकत्रित स्टेटमेंट येतं. ते काढा. शेअरची संख्या, खातं कुणाच्या नावावर, दुसरं नाव कुणाचं, नॉमिनी कोण, हे सगळं त्यात आहे. मग एका वहीत प्रत्येक कंपनीसमोर खरेदीची तारीख, खरेदीचा भाव, मधे मिळालेले बोनस (फुकट दिलेले) शेअर, झालेलं स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं) लिहा. ही नोंद आत्ता कंटाळवाणी वाटेल, पण कराच्या पायरीला हीच वही पुढे ठेवावी लागणार आहे.

कागदी सर्टिफिकेटं निघाली तर वेळ जास्त लागेल, तो धरून चला. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. आधी ते डिमॅटमध्ये आणावे लागतात, मगच विक्री. यात बहुतेकांचं घोडं सहीवर अडतं. १९९४ साली कंपनीकडे नोंदलेली आजोबांची सही पूर्ण नाव-आडनावाची, शांतपणे काढलेली देवनागरी असते. आज त्यांचा हात थरथरतो आणि बँकेत इंग्रजी आद्याक्षरांची सही लागलेली असते. कंपनीचा रजिस्ट्रार, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था, या दोन सह्या शेजारी ठेवून पाहते आणि अर्ज परत पाठवते. त्यावर उपाय आहे: केवायसीसाठी आयएसआर-१ आणि सहीसाठी आयएसआर-२ हा फॉर्म, ज्यावर तुमच्या बँकेचा मॅनेजर सही प्रमाणित करून देतो. सर्टिफिकेटवर छापलेला रजिस्ट्रारचा पत्ता बहुधा जुना असतो, आताचा कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. अनेक मोठ्या कंपन्यांचं काम बघणारी एमयूएफजी इनटाइम, म्हणजे पूर्वीची लिंक इनटाइम, विक्रोळीला आहे. ठाण्याहून धीम्या लोकलने पाचवं स्टेशन.

सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतलाच नसेल तर ते शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे गेलेले असू शकतात. गेले म्हणजे बुडाले असं नाही. आयईपीएफ-५ हा अर्ज करून ते परत मिळवता येतात, मात्र वेळ लागतो.

वडिलांचे किंवा आईचे शेअर असतील तर आधी भावंडांशी बोला. नॉमिनी म्हणून आपलं नाव आहे म्हणजे शेअर आपलेच, असा समज घराघरात आहे. नॉमिनीने ते कायदेशीर वारसांच्या वतीने सांभाळायचे असतात; डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपन्यांच्या शेअरबाबत हेच स्पष्ट केलं. चढा भाव बघून एकट्याने विकून टाकलं आणि घरात कायमचा दुरावा आला, असं होऊ देऊ नका.

पायरी २: घेतली ती कंपनी आज तीच आहे का?

ठाणेकरांना यासाठी रेमंडपेक्षा जवळचं उदाहरण नाही. पोखरण रोडवरची रेमंडची गिरणी, जेके ग्राम, तिथला भोंगा आणि कामगारांच्या पाळ्या ज्यांना आठवतात त्यांच्या मनात रेमंड म्हणजे कापड. शेअर घेणाऱ्यांनीही कापडाच्या कंपनीचा म्हणूनच घेतला. गिरणी बंद झाली आणि त्याच जमिनीवर टॉवर उभे राहू लागले. २०२४ मध्ये कापड आणि कपड्यांचा धंदा वेगळा काढून रेमंड लाइफस्टाइल झाली. रेमंडच्या दर पाच शेअरमागे तिचे चार मिळाले. २०२५ मध्ये बांधकामाचा धंदा वेगळा होऊन रेमंड रिॲल्टी झाली, एकास एक. म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला ज्याच्याकडे रेमंडचे १०० शेअर होते आणि ज्याने काहीच केलं नाही, त्याच्याकडे आज रेमंडचे १००, लाइफस्टाइलचे ८० आणि रिॲल्टीचे १०० आहेत. मूळ रेमंडमध्ये आता मुख्यतः इंजिनीअरिंगचे उद्योग उरले आहेत.

प्रत्येक विभाजनाच्या दिवशी मूळ शेअरचा भाव खाली आला, कारण धंद्याचा एक तुकडा बाहेर गेला होता. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांना मोबाइलवर एका दिवसात मोठा तोटा दिसला, आणि नवीन शेअर खात्यात येऊन नोंदले जाईपर्यंत काळजी लागून राहिली. जुन्या शेअरचा भाव अचानक पडलेला दिसला तर विकण्याआधी बीएसईच्या संकेतस्थळावर त्या कंपनीच्या घोषणा बघा. कळव्याच्या कारखान्यामुळे आपल्याकडे बऱ्याच घरांत सीमेन्स आहे. तिचंही २०२५ मध्ये असंच झालं, एका शेअरमागे सीमेन्स एनर्जी इंडियाचा एक.

तेव्हा प्रत्येक कंपनीसमोर वहीत दोन ओळी लिहा: हिला आज पैसे कशातून मिळतात, आणि मी ही का ठेवली आहे. दुसरी ओळ लिहिता आली नाही तर तीही नोंदच आहे, रिकामी जागा तशीच ठेवा. पहिलीसाठी वार्षिक अहवाल काढा. तीनशे पानं वाचायची गरज नाही. गेल्या पाच वर्षांची विक्री, नफा, कर्ज आणि प्रमोटरने, म्हणजे मुख्य मालकांनी, तारण ठेवलेले शेअर, एवढं बघितलं तरी नवख्याला पुष्कळ कळतं. विक्री वाढतेय पण कर्ज तिच्याहून वेगाने वाढतंय, किंवा लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला आहे, असं दिसलं तर त्या पानावर थांबा आणि कारण शोधा.

पायरी ३: स्वतःला एकच प्रश्न विचारा

आज या शेअरची जेवढी किंमत आहे तेवढी रोख रक्कम, कर वजा जाता, हातात असती, तर मी आज हाच शेअर एवढाच घेतला असता का?

उत्तर "हो" असेल तर ठेवा, भाव कितीही वर गेलेला असो. "थोडा घेतला असता" असेल तर थोडा ठेवून बाकीचा विका. "छे, आज नसता घेतला" असेल तर विक्रीची तयारी सुरू करा.

या प्रश्नाच्या आड सगळ्यात जास्त येतो तो लाभांश. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "वीस रुपयांना घेतलेला शेअर, दर वर्षी दहा रुपये देतो, पन्नास टक्के कुठली बँक देते?" शेअरचा आजचा भाव हजार असेल तर तुमचे अडकलेले पैसे वीस नाहीत, हजार आहेत, आणि हजारावर दहा म्हणजे एक टक्का. कंपनी वाढत असेल तर एक टक्काही चालेल. पण केवळ लाभांशासाठी शेअर धरून ठेवला असेल तर हा हिशेब आजच्या भावावर मांडा. "५०० टक्के लाभांश" ही घोषणाही दर्शनी मूल्यावर, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर, असते. दर्शनी मूल्य एक रुपया असेल तर हातात पाच रुपये येतात, आणि १ एप्रिल २०२० पासून त्यावर तुमच्या दरानेच कर लागतो.

पायरी ४: विकायची कारणं

माझ्या मते जुना शेअर विकायला चारच कारणं पुरेशी आहेत.

पहिलं, पैसे लागणार आहेत आणि तारीख माहीत आहे. रीडेव्हलपमेंटमध्ये जास्तीचा एरिया घ्यायचा ठरवलात की बिल्डर करारात हप्ते लिहून देतो. पुढच्या दोन-अडीच वर्षांत जे हप्ते आहेत ते पैसे शेअरमध्ये राहू देऊ नका. बाजार त्या तारखेला कुठे असेल हे कोणीच सांगू शकत नाही. मार्च २०२० मध्ये काही आठवड्यांत निर्देशांक एक तृतीयांशाहून जास्त खाली आला होता. तेव्हा ज्यांचा हप्ता आला त्यांना पडेल त्या भावात विकावं लागलं. मुलांची फी, ऑपरेशन, लग्न यांनाही हेच लागू. या कारणासाठी विकताना कंपनी चांगली की वाईट हा विचारच करायचा नसतो.

दुसरं, एकाच शेअरमध्ये फार काही अडकलं आहे. ऐरोली, घणसोलीच्या आयटी पार्कांत काम करणाऱ्यांना कंपनीकडून शेअर मिळतात, वर्षं जातात, आणि एक दिवस बचतीतला अर्ध्याहून जास्त वाटा त्या एकाच कंपनीत असतो. पगारही तिथूनच. कंपनीला वाईट दिवस आले तर दोन्ही एकदम आटतात. किती वाटा जास्त, यावर जाणकारांत एकमत नाही. मी दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला की कमी करायला सांगते. सगळा विकू नका, वाटा खाली आणा.

तिसरं, कंपनीचा धंदाच बसत चालला आहे आणि तो सावरेल असं मानायला आधार नाही.

चौथं कारण सगळ्यात गंभीर, आणि इथे नवखे सगळ्यात जास्त रेंगाळतात: चालवणाऱ्यांवरचा विश्वास उडणं. येस बँक आठवा. सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या प्रमुखांना मागितली तेवढी मुदतवाढ नाकारली. त्याआधीच्या महिन्यात शेअर ४०० च्या आसपास होता. पुढे तो घसरत गेला आणि प्रत्येक टप्प्यावर लोक म्हणत राहिले, "आता एवढ्या खाली काय विकायचा?" काहींनी आणखी घेऊन सरासरी खाली आणली. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, भाव एक आकडी झाला, आणि पुनर्रचनेच्या योजनेत १०० किंवा त्याहून जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं विकायलाच बंदी आली. विकायचं म्हटलं तरी विकता येईना. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीत तर २०२१ साली भागधारकांच्या हाती काहीच उरलं नाही, शेअर बाजारातूनच काढला गेला. नियामकाचा असा इशारा आला की "घेतलेल्या भावाला येऊ दे" म्हणत थांबू नका. तोट्यात विकावं लागलं तरी विका.

भाव दुप्पट झाला, बाजार पडला, निवडणुका आल्या, सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी "विकून टाका" लिहिलं: ही कारणं नव्हेत.

आणि बाबांची आठवण? ती मी हलक्यात घेत नाही. ज्या माणसाने लोकलने जा-ये करत पै-पै साठवून ते शेअर घेतले, ते विकताना हात अडखळणं साहजिक आहे. पाच-दहा शेअर त्यांच्या नावाने ठेवा आणि बाकीच्यांचा निर्णय हिशेबाने घ्या. त्यांनी ते घेतले होते तेही घरच्या गरजेला उपयोगी पडावेत म्हणूनच.

पायरी ५: कराचा हिशेब

आता ती वही आणि त्यातला खरेदीचा भाव काढा.

बारा महिन्यांहून जास्त ठेवलेला, बाजारात नोंदलेला शेअर विकला की नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासून एका आर्थिक वर्षात असा सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्याच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि त्या करावर चार टक्के सेस (अधिभार). बारा महिन्यांच्या आतला असेल तर वीस टक्के. विकाल त्या वर्षी हे दर बदललेले नाहीत ना, तेवढं तपासा.

जुन्या शेअरवाल्यांना मोठी सवलत आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरला त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव खरेदीभाव म्हणून धरता येतो (तो मूळ खरेदीपेक्षा जास्त आणि विक्रीभावाच्या आत असेल तर). समजा २००५ मध्ये २०० रुपयांनी ४०० शेअर घेतले. ३१ जानेवारी २०१८ चा सर्वोच्च भाव ९००. आज १,५०० ला विकताय. नफा शेअरमागे १,३०० धरायचा नाही, ६०० धरायचा. चारशे शेअरचा २,४०,००० रुपये. सव्वा लाख वजा केले की १,१५,०००. त्यावर कर १४,३७५, सेस धरून १४,९५०. हेच २०० शेअर मार्चमध्ये आणि २०० एप्रिलमध्ये विकले, तर प्रत्येक वर्षाचा नफा १,२०,००० होतो. दुसरा असा नफा नसेल तर दोन्ही वर्षी कर शून्य. मार्चची विक्री अगदी ३१ तारखेवर ठेवू नका, सुट्टी किंवा तांत्रिक अडचण आली तर वर्ष हातचं जाईल.

काही खाचाखोचा. २०१८ नंतर स्प्लिट झालं असेल तर ३१ जानेवारीचा भावही त्या प्रमाणात भागावा लागतो. त्या तारखेनंतर मिळालेल्या बोनस शेअरचा खरेदीभाव शून्य धरतात, आणि एका डिमॅट खात्यात जो शेअर आधी आला तोच आधी विकला असं मानतात. विभाजनातून मिळालेल्या शेअरवर खरेदीभाव कसा वाटायचा याचं प्रमाण कंपनी जाहीर करते. वारशाने आलेल्या शेअरला वडिलांची तारीख आणि वडिलांचाच भाव लागतो. पत्नीच्या नावावर करून विकले तर नफा पतीच्याच उत्पन्नात धरला जातो, तेव्हा तो मार्ग सोडा. आणि नवीन करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणून इथेही नाही असं समजू नका. ती सूट या नफ्याला मिळत नाही.

विक्रीची पूर्ण रक्कम घरात घातल्यास सवलत आहे, पण आधीची किती घरं नावावर आहेत, मुदती काय, अशा अटी आहेत. रीडेव्हलपमेंटच्या जास्तीच्या एरियाला ती लागू होईल असं गृहीत धरू नका, सीएला कागद दाखवून विचारा.

कर वाचवण्यासाठी विक्री दोन वर्षांत वाटणं पहिल्या तीन कारणांत ठीक. चौथ्या कारणासाठी विकत असाल तर कर भरा आणि मोकळे व्हा.

पायरी ६: प्रत्यक्ष विक्री

एकदम सगळं विकायची गरज नसते. तीन-चार भाग करा आणि तारखा आधीच वहीत लिहा: अमुक महिन्याच्या पहिल्या सोमवारी एवढे, पुढच्या महिन्यात एवढे. त्या दिवशी भाव थोडा खाली असला तरी ठरल्याप्रमाणे विका, नाहीतर "उद्या बघू" करत वर्ष निघून जातं.

बाजार सव्वानऊ ते साडेतीन. विकताना मार्केट ऑर्डरऐवजी लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे तुमच्या भावाखाली सौदा होणार नाही. छोट्या कंपनीचा शेअर असेल तर त्या दिवशी किती शेअरची उलाढाल झाली ते आधी बघा. पाचशे शेअरची उलाढाल असलेल्या कंपनीत एकदम दोन हजार विकायला काढलेत तर भाव तुम्हीच पाडाल. ब्रोकरला डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढायची कायमची परवानगी) दिलेलं नसेल तर विक्रीच्या वेळी डिपॉझिटरीचा टीपिन, म्हणजे मंजुरीचा गुप्त क्रमांक, आणि ओटीपी लागतो. तो कुणालाही फोनवर सांगू नका, ब्रोकरच्या ऑफिसातून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही. सोमवारी विकलंत तर पैसे मंगळवारी ब्रोकरकडच्या खात्यात येतात, तिथून बँकेत काढून घ्यावे लागतात. विक्रीवर ०.१ टक्का एसटीटी (सौद्यावरचा कर), शिवाय ब्रोकरेज आणि डीपीचे, म्हणजे डिमॅट खातं चालवणाऱ्याचे, थोडे पैसे कापले जातात.

सौद्याच्या दिवशी ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येते. ती जपून ठेवा, छापून वहीला जोडली तर उत्तम. नोकरीत असाल आणि नफ्यावर कर येणार असेल तर तो रिटर्नपर्यंत थांबवू नका, वर्षाचा एकूण बाकी कर दहा हजार किंवा जास्त असेल तर विक्रीनंतर जी पहिली तारीख येईल (१५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर किंवा १५ मार्च) तिला ॲडव्हान्स टॅक्समध्ये भरा. साठी ओलांडलेल्या आणि व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांना यातून सूट आहे. तोटा झाला असेल तरी रिटर्न मुदतीत भरा. दीर्घकालीन तोटा पुढची आठ वर्षं दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येतो, पण रिटर्न उशिरा गेलं तर तो हक्क जातो.